नूरमामूच्या खुर्चीतलं सोनं

नूर महंमद वेल्डरने शारजाहून सोनं आणलं, असं जळगावच्या मेहरूणमध्ये दोन वर्षं बोललं जात होतं. उघड कोणी बोलत नव्हतं. चहाचा ग्लास तोंडाशी न्यायचा आणि त्याच्या आडून बोलायचं, अशी ती गोष्ट होती. आणलं कशातून, तर म्हणे दोस्ताच्या खुर्चीच्या पाइपात भरून. दोस्त म्हणजे राकेश सुरवाडे, सरकारी कचेरीतला बाबू. अपघातात कमरेखालचं सगळं गेलेलं. अशा माणसाच्या खुर्चीवर संशय घेणार कोण? मुंबईच्या विमानतळावर मामूला तीन तास आत बसवून ठेवलं होतं, याला तर साक्षीदार होता. शिवाय त्या ईदला जरीनाच्या, म्हणजे मामूच्या बायकोच्या हातात नव्या पिवळ्या बांगड्या दिसल्या. त्या कोणी हातात घेऊन पाहिल्या नाहीत, पण जळगावात सोनं पारखायला हातात कशाला घ्यायला हवं? रस्त्याच्या पलीकडून कस लावणारे इथे गल्लोगल्ली बसलेले आहेत.

नूर महंमदचा दोष एवढाच की तो बोलत नसे. अजिंठा चौफुलीजवळ त्याचं पत्र्याचं वेल्डिंगचं दुकान. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, असली कामं. गिऱ्हाईक बडबडत असायचं आणि मामू पाइपाला नखाने टिचकी मारून कान लावायचा. पाइपाचा आवाज पसंत पडला तर मान हलवायची, नाही पडला तर पाइप परत. पन्नाशी उलटलेल्या माणसाने दिवसातून वीस वाक्यं बोलायची आणि त्यातली बारा पाइपाशी, हे मेहरूणला कसं पचावं? न बोलणाऱ्याच्या वाटचं बोलायला मग बाकीचा मोहल्ला असतोच.

राकेश त्याच्या उलट. जीभ अशी की पायांतलं बळ गेलं ते सगळं तिकडे जमा झालं असावं. एरंडोलजवळ मोटारसायकल घसरली तेव्हा तो सव्वीसचा होता. पुढे चारेक वर्षांनी चाकाच्या खुर्चीचा तुटलेला पुढचा दांडा जोडायला तो मामूच्या दुकानी आला, आणि जोडून होईपर्यंत एवढा बोलला की मामूने त्याला चहा पाजला, निदान तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील म्हणून. तिथून दोस्ती. मामू त्याला ‘बाबूसाहेब’ म्हणे, तो याला ‘मामू’.

राकेश अपंगांच्या स्पर्धांसाठी बसून गोळा फेकायचा. मैदानात लिंबाच्या झाडाला खुर्ची दोरीने बांधायची आणि फेकायचं. गोळा चार हात पुढे गेला की खुर्ची एक हात मागे. मामूने एकदा हे पाहिलं आणि विचारलं, "बाबूसाहेब, गोळा तुम्ही फेकता की गोळा तुम्हाला फेकतो?"

"मग तुम्ही करा ना एखादी बरी खुर्ची. फाटकं तर सगळेच करतात."

ते वाक्य मामूला लागलं. त्याने महिनाभर राकेशच्या मोबाइलवर देशोदेशीच्या फेकणाऱ्यांच्या खुर्च्या पाहिल्या आणि एक बनवली. चार पाय खाली थोडे बाहेर फाकवलेले, वर फळी, फळीवर गादी. डाव्या हाताने घट्ट धरायला एक उभी दांडी. ही दांडी आणि डावीकडचा पुढचा पाय एकाच पाइपाचे: वर सरळसोट, फळीखाली जरा वाकवलेला.

आता पाइप वाकवायचा तर तो चेपू नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरतात, तोंडं बंद करतात, मग तापवून वाकवतात. काम झालं की वाळू ओतून टाकायची. मामूने गिरणेची वाळू भरली, वाकवलं, आणि ओतायचं राहून गेलं. रमजानचे शेवटचे दिवस, फाटकांची घाई. त्याने चारही पायांना खालून टोप्या वेल्ड करून टाकल्या. राकेश त्या खुर्चीवर बसला आणि त्याचा गोळा पहिल्याच दिवशी हातभर पुढे पडला. ईद झाल्यावर मामूला चूक आठवली. ओशाळून त्याने टोप्या कापल्या, वाळू काढली, पुन्हा टोप्या लावल्या. राकेशने एक फेक केली आणि म्हणाला, "मामू, दांडी ओरडते."

ओरडत होती हे खरंच. रिकामा पाइप झटक्यासरशी थरथरायचा, ती थरथर हातातून खांद्यात जायची आणि गोळा सुटतानाच बिघडायचा. वाळू भरली की दांडी मुकी. मामूने वाळू परत भरली. भुसावळचे, धुळ्याचे फेकणारे येऊन खुर्ची न्याहाळायचे, टिचक्या मारायचे. मामू त्यांना चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा. आत काय आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. जरीनालाही नाही.

शारजाच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा राकेश एक्केचाळीसचा होता. साडेआठ मीटर टाकले तर भारताच्या चमूच्या निवडीत नाव. नाही टाकले तर मागून येणारी विशीतली पोरं होतीच. त्याची आजवरची सर्वांत लांब फेक आठ मीटर एक्केचाळीस. नऊ सेंटिमीटर कमी होते. सोबत एक मदतनीस नेता येत होता. सगळ्यांना वाटलं भाचा जाईल. राकेश म्हणाला, "मामू येतील."

निघायच्या दिवशी राकेशची आई मंदाबाई मामूला दारात गाठून म्हणाली, "नूरभाऊ, याना बसानं-उठानं तू देख. बठ्ठं तुना हातमां शे." त्याच्या बसण्या-उठण्याचं सगळं तिने मामूच्या हातात दिलं; गोळ्याची तिला चिंता नव्हती. तीन वर्षांपूर्वी राकेशला बसून बसून माकडहाडाशी जखम झाली होती, हाडापर्यंत. सात महिने तो दवाखान्यात पालथा पडून होता. तेव्हापासून मंदाबाई त्याच्या बुडाखालच्या गादीकडे देवाकडे बघावं तसं बघायची.

आणि गादीवरच सगळं अडलं.

पण आधी मजा झाली, तीही सांगायला हवी. जाताना मुंबईच्या विमानतळावर खुर्चीबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. इथून सोनं बाहेर कोण नेतो? गुरुवारी शारजाला उतरले, आणि संध्याकाळी चमूच्या गाडीतून शहर पाहायला निघाले. खाडीच्या काठावर मोठी पांढरी मशीद, पाण्यात तिचे दिवे. तिचं नाव नूर.

"मामू, सातबारा तुमच्या नावावर आहे का इथला?" राकेशने विचारलं.

"भाडेकरू निघत नाही," मामू म्हणाला. परदेशी गेल्यावर माणसाला वाचा फुटते म्हणतात ते काही खोटं नाही.

सोन्याच्या बाजारात राकेश डोळे फाडून पाहत होता, मामू मात्र जळगावकराच्या तुच्छतेने. एका दुकानात छातीभर रुंद हार टांगला होता. मामू म्हणाला, "जोड दिसतोय." दुबईचा तो प्रसिद्ध मनोरा लांबून, गाडीच्या काचेतून, धुरकट हवेत सुईसारखा दिसला. सगळ्यांनी मोबाइल काढले. मामूच्या मोबाइलात त्या दिवशीचे चौदा फोटो निघाले, त्यातले अकरा फाटकांच्या बिजागऱ्यांचे.

शुक्रवारी सकाळी दहाला खुर्च्यांची तपासणी. टेबलामागे पांढऱ्या टोपीतली एक उंच बाई, हातात पट्टी. बसायची उंची गादीसकट पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आत हवी, नियम साधा होता. मामूने जळगावात ती दहा वेळा मोजली होती: साडेचौऱ्याहत्तर. तो निर्धास्त उभा होता.

बाईने पट्टी लावली, वाकून पाहिलं, पुन्हा लावली. मग कागदावर आकडा लिहून तो कागद यांच्याकडे फिरवला. शहात्तर पूर्णांक चार.

मामूने खिशातला आपला टेप काढला. शहात्तर पूर्णांक चार. त्याने खाली वाकून पाय पाहिले, जमीन पाहिली. मग गादीवर तळहात दाबला. हात सोडल्यावर गादी हळूच, पोळी फुगावी तशी वर आली.

तो बाजूला गेला आणि घरी फोन लावला.

"जरीना, गादीत कापूस कोणता आहे?"

"नवा!" जरीना तिकडून आनंदाने म्हणाली. "फैजपूरहून अब्बांनी पिंजून पाठवला. तुम्हाला सांगितलंच नाही मुद्दाम. आमच्या घरात लांबच्या प्रवासाला जुन्या कापसावर कोणी जात नाही. का हो, राकेशभाईंना कशी वाटली?"

जरीना फैजपूरच्या पिंजाऱ्यांची लेक. तिच्या माहेरी माणूस दूर निघाला की आदल्या दिवशी त्याची गादी उसवून, कापूस नव्याने पिंजून भरायचा हा शिरस्ता. जुना कापूस वर्षभर बसून दडपलेला होता. नवा कालपरवाचा, अजून अंगात वारं असलेला.

"छान आहे," मामू म्हणाला आणि फोन ठेवला.

फेरतपासणी दुपारी चारपर्यंत. त्यानंतर खुर्ची बाद. खुर्ची बाद म्हणजे राकेश बाद, कारण त्याचं अंग दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर तोललं जात नव्हतं.

"त्यात काय," राकेश म्हणाला, "कापूस काढा थोडा. पातळ करा."

"आणि मग?"

"मग काय, बसतो."

"आणि पुन्हा सात महिने पालथे?"

"सहा फेकी आहेत मामू. दहा-पंधरा मिनिटांचं काम."

"मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाले होते. लग्नात थोडा वेळ बसतो म्हणाले, आणि हाड दिसलं."

"बूड माझं आहे!"

"खुर्ची माझी आहे!" मामू ओरडला. आजूबाजूच्या पाचसहा देशांनी वळून पाहिलं. मामूने आवाज खाली आणला. "कापूस तसाच राहील. मी पाय कापून आणतो."

"परक्या मुलखात, शुक्रवारी, कुठून कापाल? आणि एक पाय जरी वाकडा कापला गेला तर?"

मामूने खुर्ची उचलली. चार फाकलेले पाय, चारही सारखे सोळा मिलिमीटर, तिरप्या छाटाने. एक जरी चुकला तर खुर्ची डुगडुगणार, आणि ती जोडायला तिथे ना त्याचं दुकान ना वेळ.

टॅक्सीवाला पेशावरचा. टपावर खुर्ची बांधली आणि तो म्हणाला, औद्योगिक वसाहतीत हजार कारखाने आहेत चाचा, पण आज जुम्मा. गेले तर खरंच, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शटरं खाली. मैल-दीड मैल बंद शटरं. घड्याळात पाऊण वाजलेला. उन्हात पत्रे चमकत होते आणि माणूस नाही. शेवटी एका गल्लीतून लोक मशिदीकडे निघालेले दिसले. मामू खुर्ची टॅक्सीवाल्याच्या हवाली करून त्यांच्यात मिसळला. मशीद भरलेली, मामू बाहेर रस्त्यावर अंथरलेल्या पुठ्ठ्यावर. नमाज पढताना त्याचं लक्ष शेजाऱ्याच्या हातांकडे होतं, खुदा माफ करो. त्या हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते. सलाम फिरवला आणि मामूने ते हात धरले.

"भाईजान, शटर खोलो. बस आधा घंटा."

तो सियालकोटचा म्हातारा कारागीर. त्याने आधी ‘आज नहीं’ म्हटलं, मग मामूच्या हातांकडे पाहिलं. तिथेही तेच डाग. शटर वर गेलं.

कापायचं यंत्र मामूने स्वतः चालवलं. आधी पायांवर खडूच्या खुणा. मग खुर्ची लोखंडी सपाट पत्र्यावर उभी करून खुणा पुन्हा तपासल्या. मग पहिला पाय, दुसरा, तिसरा. डावा पुढचा कापताना पातं दांडीच्या पाइपात शिरलं, टोपी गळून पडली आणि मागोमाग करकर करत वाळूची धार लागली. म्हाताऱ्याच्या फरशीवर ढीग झाला.

"ये क्या?" म्हातारा हसला. "सोना छुपा के लाए थे?"

मामू हसला नाही. त्याचं लक्ष पायावर. त्याने वाळू बुटाने बाजूला सारली, खुर्ची पत्र्यावर ठेवली, फळीवर काठोकाठ पाण्याचा ग्लास ठेवला आणि खाली बसून त्या पाण्याकडे पाहिलं. पाणी कुठल्याच काठाकडे झुकलं नाही. खुर्ची बोटाने ढकलून पाहिली. ती डुगडुगली नाही. म्हाताऱ्याने पायांना रबरी बुचं दिली, आणि वर खजूर.

चारला वीस कमी असताना मामू घामाने निथळत मैदानात पोचला. बाईने पट्टी लावली. चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ. हिरवा कागद चिकटला.

राकेशने मामूचा हात हातात घेतला आणि काही बोलला नाही. दोस्तीच्या दहा-अकरा वर्षांत असं प्रथमच घडलं असावं.

पाच वाजता सराव. पट्ट्यांनी खुर्ची जमिनीतल्या लोखंडी कड्यांना आवळली, राकेश बसला, दांडी धरली, गोळा मानेशी नेला आणि फेकला. सात मीटर नव्वद. दुसरा, सात पंच्याऐंशी.

"मामू."

"काय?"

"दांडी ओरडते."

मामूने नखाने टिचकी मारली. टण्ण. बुटाने बाजूला सारलेला तो ढीग त्याला आता दिसला. गिरणेची वाळू सियालकोटच्या म्हाताऱ्याच्या फरशीवर, शटर खाली, आणि म्हातारा सुट्टीला कुठे गेला ते कोणाला माहीत?

"मी केलं हे," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

"मामू, स्पर्धा उद्या साडेनऊला आहे. रडायचं असेल तर मला आत्ता सांगा, मी पण रडतो."

मावळतीला शारजाच्या समुद्रकिनाऱ्यावर बायकापोरं फिरत होती, कबाबांचा धूर होता, पोरं पतंग उडवत होती. लोक समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते. एकटा नूर महंमद समुद्राकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता आणि चहाच्या थर्मासात वाळू भरत होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की या देशात रस्त्यावर थुंकलं तरी धरतात. वाळू उचलली तर काय करतात हे विचारायची त्याची छाती झाली नव्हती. थर्मास अर्धा झाला आणि पाठीमागे बूट थांबले. गणवेशातला पहारेकरी.

"क्या कर रहे हो?"

आता धरला तर उद्या खुर्ची कोण बांधणार, राकेशला उचलून कोण बसवणार? "घर में बच्ची है," तो म्हणाला. "समुंदर नहीं देखी. रेत माँगी है." बच्ची होती खरी. अरिबा, मामूची लेक. एकोणीस वर्षांची, आणि तिने बांगड्या मागितल्या होत्या.

पहारेकऱ्याने थर्मासाकडे पाहिलं. "बहुत बड़ी बच्ची है," तो म्हणाला आणि पुढे गेला.

हॉटेलात मामूने ती वाळू चहाच्या ट्रेवर पसरली. ओली वाळू पाइपात बसत नाही, वर गंज धरते. न्हाणीघरातलं केस वाळवायचं यंत्र घेऊन तो तिच्यावर गरम वारं सोडत बसला. गादी ज्या ओढणीत बांधून आणली होती त्या ओढणीतून चाळली, शिंपल्यांचे तुकडे वेगळे. सफाईवाल्याकडून मागून आणलेल्या झाडूच्या जुन्या दांड्याचं बूच तासलं. राकेश पलंगावर कुशीवर पडून पाहत होता.

"मामू, शारजात येऊन वाळू वाळवणारा पहिला माणूस तुम्ही."

"झोपा बाबूसाहेब."

"आणि तपासणीनंतर आत काही भरणं नियमात बसतं का?"

मामूचा हात थांबला. "नाही बसत?"

"माहीत नाही. पण उद्या विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आठ एक्केचाळीस टाकून परत जाईन, पण चोरून साडेआठ नको."

मामूने पाइप भरला, ठासला, बूच ठोकलं, वर रबर चढवलं. टिचकी मारली. आवाज मेलेला. त्याला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही.

सकाळी मैदानात शिरण्याआधी पुन्हा मोजणी. तीच बाई. उंची बरोबर. जाता जाता तिने दांडीवर पेन आपटलं आणि भुवया वर केल्या. काल सरावात तिने ऐकलेला आवाज वेगळा होता. तिने इंग्रजीत विचारलं, आत काय?

"वाळू," राकेश म्हणाला.

बाई बघत राहिली. मग तिने आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी जाडजूड नियमावली उघडली. पानं उलटत राहिली. मैदानात नावं पुकारायला सुरुवात झाली होती. एकाने दांडी हलवून पाहिली, दुसऱ्याने खाली वाकून बूच पाहिलं. मामू इंग्रजीतला एकही शब्द न कळता तिघांच्या ओठांकडे बघत होता. राकेशचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. तेव्हा बाईने नियमावली मिटली आणि म्हणाली, वाळूबद्दल यात काही नाही. जा.

मामूने खुर्ची बांधली, राकेशला उचलून बसवलं, गादी सरळ केली आणि नियमाप्रमाणे बाजूला जाऊन उभा राहिला. तिथून त्याने काही पाहिलं नाही. डोळे मिटले आणि कान लावले. आठ बारा. दुसरी बाद. आठ तेहतीस. आठ अडतीस. आठ एकोणतीस. पाच फेकी झाल्या आणि दांडी एकदाही ओरडली नाही, पण साडेआठ काही येईना. सहाव्या वेळी राकेशने एवढी आरोळी ठोकली की दांडी काय, मैदानातलं दुसरं काहीच ऐकू आलं नाही. मामूने डोळे उघडले. फलकावर आठ मीटर त्रेपन्न होतं. पाचवा नंबर. पण साडेआठच्या पलीकडे तीन सेंटिमीटर.

रविवारी सगळे मनोरा पाहायला गेले. वरून खालचं जग पाहून राकेश म्हणाला, "मामू, जळगाव कुठल्या बाजूला?" मामूने विचार करून बोट दाखवलं, आणि म्हणे ते जवळपास बरोबर होतं. खाली उतरल्यावर त्याने फुटपाथवरच्या टोपलीतून दोन जोड बांगड्या घेतल्या, एक अरिबाला, एक जरीनाला. सोन्याचं पाणी दिलेलं पितळ.

मग मुंबईचा विमानतळ. यंत्रात खुर्ची गेली आणि पडद्यावर डाव्या दांडीचा पाइप आतून भरीव दिसला. अधिकाऱ्याने पाइपाला टिचकी मारली. "काय आहे यात?"

राकेश तोंड उघडणार तेवढ्यात मामूने त्याच्या खांद्यावर हात दाबला. मागेच रांगेत चमूतले आणखी दोन फेकणारे उभे होते, दुसऱ्या जिल्ह्यांतले, निवडीच्या शर्यतीतले, माना पुढे करून.

"साहेब," मामू म्हणाला, "इथे नाही सांगत. आत चला."

वीस वर्षं नोकरी केलेल्या त्या अधिकाऱ्याला आयुष्यात प्रथमच प्रवाशाने स्वतः आत चला म्हटलं असावं. मग काय राहिलं? दोघांना आत घेतलं. कापायचं यंत्र मागवलं. "कापू नका साहेब, पाया पडतो," मामू म्हणाला, आणि संशय पक्का झाला. मोठे साहेब येईपर्यंत थांबा. मोठे साहेब जेवायला गेले होते. ते आल्यावर मामूने स्वतः बूच काढून आतलं सगळं टेबलावर वर्तमानपत्रावर ओतून दाखवलं. साहेबांनी ते चिमटीत घेतलं, चोळलं, वास घेतला, तपासायला पाठवलं. काही निघालं नाही तेव्हा सगळं पाइपात परत भरू दिलं, तोवर तीन तास झाले होते.

बाहेर राकेशचा मेहुणा प्रेमराज धुळ्याहून गाडी घेऊन आला होता. त्याने रांगेतल्या त्या दोघांना विचारलं, त्यांनी सांगितलं पाइप तपासताहेत, आणि प्रेमराजने घरी फोन लावला. गाडी धुळ्याला पोचली तेव्हा राकेशची बहीण शिल्पा दारातच म्हणाली, "मामू, मला काय आणलंत? पाइप एकट्या भाभीलाच का?" मामू हसला आणि गप्प राहिला. तीच त्याची चूक. तिथून पारोळा, एरंडोल, आणि मेहरूणला बातमी त्यांच्या आधी.

त्या गप्प राहण्याची किंमत लहान नव्हती. एका पेढीवाल्याने त्याला दिलेलं फाटकाचं काम काढून घेतलं. अरिबासाठी आलेलं भुसावळचं स्थळ ‘चौकशी करून कळवतो’ म्हणून गेलं ते गेलंच. जरीनाने बांगड्या काढून पेटीत टाकल्या. "काय होतं ते सांगून का टाकत नाही लोकांना?" ती रडून विचारायची.

"मी सांगतो सगळ्यांना," राकेशही म्हणाला. "चौकात खुर्ची लावून सांगतो."

"आणि निवडीच्या आधी सगळ्यांच्या खुर्च्या मुक्या करता? तुमची निवड होऊन जाऊ द्या. माझं काय, मी असाही बोलत नाही."

निवड दोनदा झाली, दोन्ही वेळा राकेशचं नाव आलं. गेल्या महिन्यात त्याने फेकणं थांबवलं आणि भुसावळच्या पोरांना शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने त्यांच्यासमोर खुर्ची आडवी केली आणि मामूला बूच काढायला सांगितलं.

त्या पाइपात सोनं नव्हतं. शारजाच्या किनाऱ्यावरची वाळू होती.